ताइस्तोचे अकरा वर्षांचे टायर

ताइस्तो मोइलानेनशी मी सहा वर्षं भांडले, आणि सहाही वर्षं विषय एकच होता: त्याच्या गाडीचे हिवाळी टायर आता बदलायचे, की अजून एक हिवाळा त्यांच्यावरच काढायचा. त्याचं म्हणणं, निघेल. माझं म्हणणं, निघणार नाही. शेवटी मी जिंकले. त्या जिंकण्याबद्दल कुणाशी तरी बोलावं असं बरेच दिवस मनात आहे, आणि बोलायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं टायरचं दुकान कुह्मो गावाबाहेर, कायानीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वडिलांनी काढलं, ते गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं. दुकानात आम्ही दोघंच. मी इर्मेली, आणि माझ्या बहिणीचा नवरा पेंत्ती. पेंत्ती हाताचा कुशल आणि तोंडाचा फटकळ. माझ्याही नाकावर राग असतोच. ज्यांना टायरबरोबर गोड बोलणंही हवं असतं ते चर्चजवळच्या दुसऱ्या दुकानात जातात, आणि खुशाल जावेत.

ताइस्तो एकतीस किलोमीटरवरच्या हाउकिवाराचा. चौतीस वर्षं त्याने सरकारी ट्रकवर बसून आमच्या भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला. कुठल्या वळणावर डांबराखालून पाणी झिरपतं आणि कुठल्या उतारावर मार्चमध्येही सावली हटत नाही, हे त्याला पाठ. लग्न केलं नाही. एकदा बोलणी झाली होती म्हणतात, पण ती मुलगी स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात कामाला गेली आणि तिकडचीच झाली. भाऊही तिकडेच. नाताळात फोन करतो. हाउकिवारातली शाळा बंद झाली, मग दुकान, मग पंधरा दिवसांनी येणारी पुस्तकांची गाडीसुद्धा. नऊ घरांपैकी दोनच घरांच्या धुराड्यातून धूर निघतो. दुसऱ्या घरातल्या लिइसाला ऐकू येत नाही, त्यामुळे ती कुणाकडे जात नाही आणि तिच्याकडे कुणी जात नाही. किराणा आणि औषधं गुरुवारी नगरपालिकेची गाडी आणून देते. चालक पिशवी पायरीवर ठेवतो, हॉर्न वाजवतो आणि निघून जातो.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. आमच्याकडे माणूस कुणाच्या दारात कामाशिवाय उभा राहत नाही. करवत परत द्यायची असते, जाळ्यात मासे जास्त आलेले असतात, शेजाऱ्याचं पत्र आपल्या पेटीत पडलेलं असतं. काम एवढंसं असलं तरी चालतं, पण असावं लागतं. काम सांगून झालं की कॉफी, कॉफीबरोबर गप्पा, आणि मग दोन तास बसलात तरी कुणी हूं की चूं करत नाही. पण काम नसलेला माणूस दारात दिसला की घरच्यांना वाटतं, हा मयताची बातमी घेऊन आलाय. पहिला प्रश्न, कोण गेलं?

हे सगळं मला चांगलं ठाऊक होतं. तरीही ताइस्तोच्या बाबतीत माझी ट्यूब पेटली नाही.

ते टायर त्याने २००६ च्या शरदात माझ्या वडिलांकडून घेतले होते. चांगले, बर्फात पकड घेणारे पोलादी दाणे बसवलेले. पाच वर्षांनी वडील गेले, मी गल्ल्यावर बसले, आणि त्या सप्टेंबरात ताइस्तोची पहिली फेरी झाली. टायर डिकीत घालून आणलेले, कारण आमच्याकडे उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे, बर्फाच्या सुमाराला चढवायचे आणि एप्रिलात उतरवायचे.

"बघ गं पोरी, या हिवाळ्याला चालतील का?"

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची, पण आर्वीची, म्हणजे माझ्या वडिलांची, पोर ती पोरच. मी बघितलं. चालतील, म्हटलं, पण पुढच्या वर्षी बदल. पुढच्या वर्षी तो परत हजर.

"मागच्या वर्षीच सांगितलं होतं ना, बदल म्हणून?"

"आधी नक्षीची खोली मोज."

मी मोजपट्टी नक्षीत घातली. "साडेसहा मिलिमीटर."

"कायदा किती मागतो?"

"तीन."

"मग?"

"मग काय मग! कायद्याला वय दिसत नाही म्हाताऱ्या. रबर आटत चाललंय. नख घुसत नाही बघ."

"घुसतं. तुझी नखं मऊ आहेत."

माझी नखं! तीस वर्षं ग्रीसमध्ये बुडवलेली. पेंत्ती जॅकखालून ओरडला, "ताइस्तो, सात वर्षांचे होतील पुढच्या साली. शाळेत नाव घाल त्यांचं."

"घालतो की," ताइस्तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा पुढे जातील." आणि स्वतःच्या हाताने दुसरा कप भरून घेतला.

खरी गंमत म्हणजे एका फेरीत त्याचं कधीच भागायचं नाही. सप्टेंबरात बघितले की म्हणायचा, आता ऊन आहे, उन्हात रबर कळत नाही, पारा उणे पाचला गेला की आणतो. उणे पाच झालं की गाडी दारात. दाबून बघायचो, भांडायचो, शेवटी तेच जुने टायर चढवायचे. डिसेंबरात परत यायचा: उणे वीसला कसे वागतात ते बघायला हवं. जानेवारीत दाणे सैल वाटायचे. फेब्रुवारीत डावीकडून कसलासा आवाज यायचा, जो मला आणि पेंत्तीला कधीच ऐकू आला नाही. नट आवळायला तर नेमाने. दर खेपेला दोन कप कॉफी आणि एक गोड पाव. तो माझ्या पाठीशी बोलायचा, कारण मी काम करत असायचे. १९८७ सालची थंडी, बर्फ ढकलायच्या नांगरात अडकलेलं रेनडिअर, त्याच्या वाटेवरच्या लेहतोवाराच्या वळणावर तीनदा उलटलेला एकच डॉक्टर. मी हूं हूं करायचे. कधी कधी वैतागायचे. घरी आल्यावर मोठ्याने म्हणायचे, या माणसाला दुसरा उद्योग नाही का? माझ्या घरीही ऐकायला कुणी नव्हतं. नवरा सोडून गेल्याला बारा वर्षं झालेली, मुलगी ओउलू शहरात.

टायर मात्र खरंच म्हातारे झाले होते. हे मी आजही सांगेन. नक्षी खोल होती, कारण गाडी चालायचीच कमी. दाणे जागच्या जागी. नवख्या माणसाने बघितलं तर म्हणेल, अजून चार वर्षं जातील. पण रबराच्या कडेला बारीक भेगा पडल्या होत्या, आणि थंडीत ते लाकडी फळीगत वाजायचं. गोटा झालेला टायर आंधळ्यालाही कळतो. न झिजता म्हातारा झालेला टायर कळत नाही, आणि माणसं त्याच्यावरच जातात.

२०१७ सालचा पहिला बर्फ ऑक्टोबरच्या सतरा तारखेला पडला. टायरच्या दुकानात त्या दिवशी काय होतं ते टायरवाल्यालाच ठाऊक. आठवडाभर रेडिओ ओरडत असतो, टायर बदला, टायर बदला. कुणी हलत नाही. मग एका सकाळी जमीन पांढरी दिसते आणि सगळं कुह्मो आठ वाजता माझ्या दारात. त्या दिवशी रांग शेजारच्या पेट्रोलपंपाला वळसा घालून रस्त्यावर गेली होती. पेंत्तीने सकाळपासून तोंडात घास घातला नव्हता. एक बाई रडत होती, कारण तिला विमानतळावर जायचं होतं. आणि त्या रांगेतून ताइस्तो गल्ल्यापाशी आला, टोपीवरचा बर्फ झटकत, अगदी निवांत.

"बघतेस का गं पोरी, या हिवाळ्याला..."

"नाही," मी म्हटलं.

"अजून बघितलेच नाहीस."

"बघितलेत. सहा वर्षं बघतेय." मी काउंटरच्या बाहेर आले, त्याचा एक टायर डिकीतून ओढून काढला आणि सगळ्यांसमोर त्याच्यावरचे चार आकडे वाचले. "चौतीस, शून्य सहा. २००६ चा चौतिसावा आठवडा. अकरा वर्षं! मेलेत हे, ताइस्तो. मेलेल्याची नाडी किती वेळा बघू? लेहतोवाराच्या वळणावर तू उताणा पडलास की पोलीस मला विचारतील, टायर कुणी चढवले?"

रांगेतले लोक हसले. रडणारी बाईसुद्धा. ताइस्तोही हसला जरासा.

"तुला तसं वाटतं?"

"वाटत नाही. सांगतेय. नवे घे, आठ-दहा वर्षं इकडे फिरकायला नको."

पेंत्ती चाक गडगडवत चालला होता, तो थांबला. "दहा वर्षांनी तू येणार नाहीस, टायरच येतील एकटे," म्हणाला, आणि परत हशा झाला.

ताइस्तोने कुरकुर केली नाही. नवे घेतले, चांगल्यातले चांगले. पैशाची अडचण त्याला कधीच नव्हती. पेंत्तीने चढवले. मी काचेच्या कोपऱ्यात नेहमीचा पिवळा स्टिकर लावला: शंभर किलोमीटरनंतर नट आवळून घ्या, आणि त्याखाली गाडीच्या मीटरवरचा आकडा. कॉफीचं भांडं रिकामं होतं, भरायला कुणाला वेळ नव्हता.

"म्हणजे आता बघण्यासारखं काही उरलं नाही," तो म्हणाला.

"काही नाही. आता डोळे मिटून चालव."

तेव्हा त्याने माझा हात हातात घेऊन हलवला. आमच्याकडे हात लग्नात आणि मयताला हलवतात. गर्दीत माझं लक्ष पुढच्या गाडीकडे होतं. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. एका म्हाताऱ्याचा जीव वाचवला आणि चार महागडे टायर विकले, अजून काय पाहिजे?

नोव्हेंबर गेला. डिसेंबरात उणे वीस झालं, उणे पंचवीस झालं. दुकानात शांतता पसरली. पेंत्ती कामाशिवाय बोलत नाही, फक्त टोमणे मारतो, आणि टोमणे मारायला समोर तिसरं माणूस लागतं. नाताळ झाला. जानेवारीत एक दिवस माझ्या लक्षात आलं की कालपासून माझा स्वतःचा आवाज मी ऐकलेला नाही. तेव्हा मी म्हटलं, "ताइस्तो आला नाही रे यंदा."

"तूच म्हणालीस, फिरकायला नको," पेंत्ती म्हणाला. टोमणा नव्हता तो. तो हातातल्या पान्याकडे बघत होता.

मी ताइस्तोचं कार्ड काढलं. टायर चढवताना आणि उतरवताना आम्ही मीटरचा आकडा लिहून ठेवतो. आदल्या हिवाळ्यात, ऑक्टोबर ते एप्रिल, गाडी सातशे चव्वेचाळीस किलोमीटर चालली होती. हाउकिवारा ते आमचं दुकान, जाऊन येऊन बासष्ट. मी सहज भाग देऊन बघितला. बरोबर बारा. बाकी शून्य.

परत भागला. आदल्या हिवाळ्यात तो आमच्याकडे आला होता तो डझनभर वेळाच. म्हणजे हा माणूस आख्ख्या हिवाळ्यात आमच्याशिवाय कुठेही गेला नव्हता. चर्चला नाही, बाजारात नाही, कुणाच्या घरी नाही. टायर झिजावेत असं त्याच्या आयुष्यात काही नव्हतं, आणि जे थोडे झिजले ते टायर दाखवायला आणण्यात झिजले. सहा वर्षं तो मला जे विचारत होता त्याचं उत्तर त्याला माझ्या कितीतरी आधी ठाऊक होतं. चौतीस वर्षं बर्फावर काढलेल्या माणसाला रबर कळत नाही? त्याला फक्त ते ठरायला नको होतं. आणि मी ते वीस माणसांसमोर, हशा पिकवत, ठरवून टाकलं होतं.

मला इतकी लाज वाटली की मी कार्ड परत जागेवर ठेवलं आणि चार दिवस त्याला हात लावला नाही. जावंसं वाटत होतं. पण काम काय सांगणार? मग स्टिकर आठवला. नट आवळून घ्यायला तो आलाच नव्हता! काम सापडलं तेव्हा मला किती हलकं वाटलं, सांगता येत नाही.

फेब्रुवारीच्या एका उजळ दुपारी मोठा पाना घेऊन मी हाउकिवाराला गेले. त्याच्या अंगणातला बर्फ असा कापलेला होता की कडा पट्टी लावून आखल्यासारख्या. एवढं साफ अंगण, आणि गुरुवारच्या गाडीशिवाय दुसऱ्या गाडीचा एकही माग नाही. त्याने दार उघडलं, मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोण गेलं? पेंत्ती?"

"कुणी नाही गेलं. नट आवळायचे राहिलेत तुझे." मी पाना वर करून दाखवला.

"ते मी आवळले," तो म्हणाला.

मी पाना खाली घेतला आणि म्हटलं, "बघून तर घेऊ."

गॅरेजमध्ये गेलो. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, चालवला की झडून जातात. याच्या टायरवरचे पुष्कळसे तसेच होते. मी नटांना पाना लावला, एकही हलला नाही. मग आत डोकं घालून मीटर बघितला आणि स्टिकरवरचा आकडा वजा केला. त्र्याण्णव.

"एकतीस घरी यायचे," मी म्हटलं. "बाकीचे बासष्ट?"

तो टायरकडे बघत म्हणाला, "डिसेंबरात आलो होतो."

"कुठे?"

"तुझ्याकडे. पेट्रोलपंपापर्यंत. काचेतून दिसत होतीस. फोनवर कुणाला तरी झापत होतीस."

"मग आत का नाही आलास?"

"येऊन काय सांगणार? मीटर बघितला, बासष्ट. शंभर झाले असते तर नट आवळायला आलो असतो. म्हणून वळलो."

"अरे, बासष्टला आवळले असते तर मी काय हाकलून देणार होते?"

"स्टिकरवर शंभर लिहिलंय. तूच लावलास."

"मग पुढच्या खेपेला यायचं! तेव्हा शंभर झालेच असते."

"वाटेत झाले असते," तो जरा चिडून म्हणाला. "सात किलोमीटरवर. पुढचे चोवीस न आवळलेल्या नटांवर यायचं? लेहतोवाराच्या वळणावरून? असं कसं चालेल, पोरी? म्हणून इथेच आवळून टाकले."

आणि आवळल्यावर काम संपलं. हे तो बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती.

आत त्याने कॉफी केली, कपात चीजचे तुकडे टाकले, आमच्याकडे टाकतात तसे. स्वयंपाकघर लख्ख. टेबलाला एक खुर्ची. दुसरी त्याने आतल्या खोलीतून आणली, आणि तिच्यावर ठेवलेले कपडे कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. दुकानात ज्याचं तोंड थांबायचं नाही तो माणूस इथे गप्प बसला होता. मीही. मला म्हणायचं होतं, ये रे कधीही, टायरबियर काही लागत नाही, मीही एकटीच असते. पण हे बोलायची सवय ना मला, ना ऐकायची त्याला. आणि मी माझ्या मुलीलासुद्धा फोन करते तो काहीतरी विचारायचं आहे म्हणूनच.

निघताना दारात मी बूट चढवले, पाना उचलला आणि म्हटलं, "काही काम निघालं तर ये."

"हो," तो म्हणाला. "निघालं तर येतो."

गाडीत बसल्यावर मी स्टीअरिंगवर हात आपटला. एवढं अंतर आले, एवढं सगळं समजलं, आणि जाताना त्याच्या तोंडावर तेच दार पुन्हा लावून आले. परत आत जावं असं वाटलं. पण आता तर मला खरंच काही काम नव्हतं.

नऊ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, ताइस्तोची गाडी दुकानासमोर थांबली. मागच्या डाव्या बाजूला स्टेपनी लावलेली. त्याने डिकी उघडली आणि नवा टायर स्वतः उचलून आत आणला. धाप लागली होती.

"खिळा," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

पेंत्ती हात पुसत पुढे आला. "खिळा? रस्त्यावर हातभर बर्फ आहे, खिळा कुठून येणार? आभाळातून..." आणि तो वाकला, आणि तिथेच थांबला. मग सरळ झाला, म्हणाला, "मी मागचं शेड बघून येतो," आणि गेला. मागच्या शेडमध्ये बघण्यासारखं काही नाही.

चार इंची खिळा होता. कोरा, गंजाचा ठिपका नाही. डोक्यावर हातोडीचे दोन ताजे वण. आणि बोटभर अंतरावर आणखी एक भोक, जिथे पहिल्यांदा मारताना तो निसटला असावा. उणे वीसच्या थंडीत, त्या आखीव अंगणात किंवा गॅरेजात, शहात्तर वर्षांचा माणूस गुडघे टेकून आपल्याच नव्याकोऱ्या टायरवर हातोडी मारत होता. ज्याने आयुष्यात रस्त्यावर एक नट सैल सोडला नाही तो.

आणि खिळा त्याने मधल्या नक्षीत मारला नव्हता. तिथलं पंक्चर आम्ही दहा मिनिटांत काढून हातात देतो, दोन कप कॉफीसुद्धा होत नाही. त्याने मारला होता बाजूच्या भिंतीत. तिथलं काढता येत नाही. तो टायर मोडीतच जातो, आणि नवा मागवावा लागतो, त्याच जातीचा, त्याच मापाचा. हे त्याला माहीत होतं. माझ्याइतकंच.

मी बराच वेळ टायरवर वाकून राहिले, कारण वर बघितलं असतं तर डोळे दिसले असते. मग नाक पुसलं आणि काउंटरमागे जाऊन भांड्यात नवी कॉफी टाकली.

"बाजूला लागलाय," मी म्हटलं. "हा गेला. मागवावा लागेल."

"असं होय," तो म्हणाला. "किती दिवस लागतात?"

"कायानीच्या गोदामात असला तर दोन दिवस."

तो टेबलावरच्या पावाकडे बघत होता. "आणि नसला तर?"

मी कॉम्प्युटर उघडला. गोदामात त्या मापाचे चौदा होते.

"नाहीये," मी म्हटलं. "कधी येईल सांगता येत नाही. मधून मधून येऊन विचारावं लागेल तुला."